मेन बंद असताना

१

शिवणबाई जिवंत आहेत की गेल्या, हे पहिली दोन मिनिटं कुणालाच कळलं नाही.

मंगळवारची सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. दुमजली घराच्या तळमजल्यावर, न्हाणीघरात, बादली कलंडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ काहीतरी जड आपटलं. नवरा अर्धी दाढी तशीच टाकून धावला. शिवणबाई वॉशिंग मशीनपासून हातभर लांब, ओल्या फरशीवर पडल्या होत्या. उजव्या तळहातावर भाजल्याचा पांढरा चट्टा. श्वास नाही.

नवरा शाळेची बस चालवायचा. अपघातात काय करायचं याचं शिक्षण त्याला दर वर्षी सक्तीने घ्यावं लागे, आणि दर वर्षी तो मागच्या बाकावर बसून जांभया देई. त्या सकाळी मात्र त्याला सगळं आठवलं. झाडूच्या लाकडी दांड्याने त्याने आधी मशीनचा प्लग भिंतीतून उडवला, मग बायकोला कोरड्या जागी ओढून तिच्या छातीवर दोन्ही तळवे रोवले आणि मोठमोठ्याने आकडे मोजत दाबू लागला. वरच्या मजल्यावरची जाऊ धावत खाली आली तेव्हा तो रडत होता, पण आकडा चुकत नव्हता.

साठाच्या पुढे कुठेतरी शिवणबाईंनी एक घरघरता श्वास घेतला.

गुरुवारी दुपारी एक वाजता हीच हकिगत मीटरताईने आपल्या धाकट्या भावाच्या तोंडून ऐकली. ती वीज कंपनीची रीडिंग घेणारी. गेली चौदा वर्षं गल्ल्यागल्ल्यांतून हिंडणारी. तिचा भाऊ मशीन दुरुस्त करायचा. काम करताना सारखा गुणगुणायचा म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणत. आज तो गुणगुणत नव्हता. दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि आत हा स्टुलावर डोकं धरून बसलेला.

"सोमवारी संध्याकाळी मीच त्यांचं वॉशिंग मशीन दुरुस्त करून आलो होतो ताई. फक्त पट्टा बदलला. वायरीला हातसुद्धा लावला नाही."

"मग घाबरतोस कशाला?"

"त्यांचे थोरले दीर काल चार माणसं घेऊन आले. म्हणाले, तूच तिचा जीव घेत होतास. आज चार वाजता दोघे भाऊ चौकीवर तक्रार देणार आहेत." त्याने वर पाहिलं. "ताई, आणि माझ्याच हातून काही राहिलं असेल तर?"

मीटरताईने घराचा पत्ता विचारला. भुंग्याने सांगितला.

त्या घरी ती स्वतः सोमवारी सकाळी गेली होती. आणि तिथे तिने काहीतरी पाहिलं होतं.

२

"तुमच्या भावाला वाचवायला आलात का?" धाकट्याने दारातच विचारलं. त्या घरातल्या दोघा भावांना सगळी गल्ली थोरले आणि धाकटे म्हणूनच ओळखे. वर थोरले, खाली धाकटे. धाकट्याच्या डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण दिसत होतं.

"खोटं कशाला बोलू? हो," मीटरताई म्हणाली. "पण चूक त्याची निघाली, तर चौकीवर त्याला मीच घेऊन येते. वहिनी कशा आहेत?"

तो जरा निवळला. "शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात, अजून एक दिवस हृदयावर लक्ष ठेवायचं. शिवायचा हात मात्र..." त्याने तिला आत घेतलं.

मीटरताईने बॅगेतून टेस्टर काढला, रबरी तळाचे बूट तपासले, एक कोरडी फळी मागून घेतली आणि तिच्यावर उभी राहिली. मशीनची मागची बाजू उघडली. नवा पट्टा जागच्या जागी, वायरी कुठे सोललेल्या नाहीत, कुठे ओल नाही. प्लगच्या तिन्ही पिना घट्ट. भिंतीतलं सॉकेट नवं.

"हे कधी बसवलं?"

"दीड वर्ष झालं. वायरमनने दोन्ही मजल्यांवर एकदमच काम केलं होतं. तो स्विचही तेव्हाच लावला." धाकट्याने दाराजवळच्या पेटीकडे बोट दाखवलं. वीज कुठे गळली की खटकन पडून सगळं बंद करणारा तो स्विच. मीटरताईने त्याच्यावरचं छोटं तपासणीचं बटण दाबलं.

खट्. घरातला पंखा थांबला.

"उत्तम चालतोय," ती म्हणाली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "मंगळवारी हा पडला होता?"

"नाही ना! तेच तर कळत नाही. ती पडली तेव्हा न्हाणीघरातला दिवा चालूच होता."

मशीन ठीक. सॉकेट ठीक. राखणदार जागा. तरीही एका बाईच्या हाताला भाजून तिचं काळीज थांबवण्याइतकी वीज त्या पत्र्यावर आली होती. आली कुठून?

ती जिन्याखाली गेली. तिथे लाकडी कपाटात दोन मीटर शेजारी शेजारी होते, खाली दोन मेन स्विच. सवयीने तिने दोन्ही आकडे वाचले आणि वहीतल्या सोमवारच्या आकड्यांशी ताडून पाहिले. खालचा नेहमीसारखा. वरचा बघून ती थबकली. वरच्या घरात एरवी दिवसाला नऊ-नऊ युनिट जळायचे. सोमवार सकाळपासून आजपर्यंत, तीन दिवस उलटले तरी एकूण अकरा.

वरच्या घरातलं काहीतरी मोठं बंद पडलं होतं. आणि तेही याच तीन दिवसांत.

शिवाय वरच्या मीटरवरचा तो बारीक लाल दिवा, वीज कुठे गळत असली की लागणारा. सोमवारी सकाळी तो लागलेला होता. तिने यंत्रात शेरा दाबला होता, 'लाल दिवा', आणि पुढच्या घरी गेली होती, कारण साठ घरं बाकी होती. आज तो दिवा विझलेला होता.

तिने वर पाहिलं. जिन्याच्या कठड्यावरून कुणीतरी तिच्याकडे टक लावून बघत होतं.

३

"आक्‌छी!"

ते थोरलेच होते. गळ्याला मफलर, नाक लालबुंद. एका कारखान्याच्या गोदामावर मुकादम म्हणून आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी आवाज गोदामातलाच.

"काय शोधताय? गुन्हेगार तुमच्या घरी बसलाय!"

"मग इथे बघायला काय हरकत आहे, काका?"

"हरकत कसली? बघा. पण चारच्या ठोक्याला आम्ही निघणार." पुन्हा एक दणदणीत शिंक, आणि ते तरातरा आत गेले.

थोरल्या वहिनी मात्र तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांचे डोळे भरून आले. "माझी धाकटी जाऊ नाही, बहीण आहे ती माझी. दोघा भावांचं दोन वर्षं धड बोलणं नाही, पण आमचं कधी तुटलं नाही."

"भांडण कशावरून?"

"काय सांगू! ह्यांना दुपारची झोप लागते, आणि तिचं शिवणाचं मशीन दुपारीच चालतं. एकदा हे रागाच्या भरात सगळ्यांसमोर बोलून गेले, की एक दिवस ते मशीन कायमचं गप्प करीन." वहिनींनी पदराने डोळे टिपले. "आता आठवलं की अंगावर काटा येतो. पण हे तसे नाहीत हो. मंगळवारी दवाखान्यात सगळ्यात आधी हेच धावले."

मीटरताईने ते मनात एका बाजूला ठेवलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "काकांना सर्दी भारी झालीये."

"होणारच! तीन दिवस गार पाण्याने आंघोळ. गीझर बिघडलाय आमचा."

मीटरताईचा कप ओठांपाशीच थांबला. "कधीपासून?"

"सोमवारी सकाळी पाणी कढत होतं. मंगळवारी सहाला उठून मी बटण लावलं, एक तासाने बघते तर पाणी गार. गीझरचा दिवासुद्धा लागला नव्हता. तेवढ्यात खालून तो आवाज आला... मी बटण तसंच टाकून धावले. दुपारी आल्यावर बंद केलं."

"म्हणजे शिवणबाई पडल्या तेव्हा गीझरचं बटण चालू होतं?"

"चालू होतं. पण तो चालतच नव्हता ना."

"आणि त्याआधी कधी न्हाणीघरात हाताला मुंग्या आल्या? बारीक चुरचुर?"

वहिनी चमकल्या. "तुम्हाला कसं कळलं? सहा-सात महिने होतायत. जाऊबाईही म्हणायची, मशीनला हात लावला की सकाळी सकाळी झिणझिणतं म्हणून. हे म्हणाले, बायकांचे भास."

"शेवटचं विचारते. खाली पेटीत तो पडणारा स्विच आहे. तसाच तुमच्याकडे?"

"होता. उगाचच पडायचा, दिवसातून चारदा. वैतागून ह्यांनी काढून टाकला."

मीटरताई उठली. एकाच घरात, एकाच दिवशी, दोन मजल्यांवर दोन गोष्टी बिघडल्या होत्या: वर चालणारा गीझर थांबला, खाली निर्धोक मशीन मारकं झालं. दोन बिघाड नव्हतेच ते. एकच होता. पण तो घडवणारा सोमवार सकाळ ते मंगळवार सकाळ या वेळात इथे आलेला असला पाहिजे.

"वहिनी, सोमवारी भुंग्याशिवाय आणखी कोण आलं होतं?"

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. मग थांबून, "हां, नळवाला. मागच्या अंगणात खणत होता दिवसभर."

४

नळवाला दोन गल्ल्या पलीकडे सापडला. खड्ड्यात कमरेइतका उभा राहून तो पाइप जोडत होता. तीन वाजायला आले होते.

"मी? मी फक्त पाण्याची लाइन बदलली बाई. विजेचं माझं काय काम?"

"खणताना काही लागलं? एखादी वायर, पट्टी?"

"काहीच नाही. निव्वळ माती." उत्तर जरा जास्तच झटकन आलं होतं, आणि तो पुन्हा पाइपावर वाकला.

मीटरताई जायला वळली. खड्ड्याच्या कडेला त्याची सायकल होती, मागे पाइपांची मोळी बांधलेली. तिचं लक्ष मोळीवर गेलं आणि तिथेच खिळलं. मोळी सुतळीने बांधली नव्हती. जाडजूड हिरव्या वायरीने बांधली होती. टोकाला तांबं उघडं पडलेलं, एका बाजूने चेपलेलं, फावड्याची धार बसावी तसं. आणि अजून लखलखतं.

"ही वायर छान आहे," ती म्हणाली. "कुठे मिळाली?"

नळवाल्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"बाई, देवाशप्पथ, मला वाटलं जुनी पडीक वायर आहे. घराच्या भिंतीतून निघून जमिनीत गेलेली, पुढे काहीच नाही. दिवा नाही, पंखा नाही. फावडं बसलं आणि तुटली. मधला तुकडा पाइपाच्या आड येत होता म्हणून काढला, टोकं मातीत दाबली. ठिणगीसुद्धा उडाली नाही हो!"

"किती वाजता?"

"दुपारी. चार-साडेचारला." तो खड्ड्याबाहेर चढला. "त्या बाईंना... त्याच्यामुळे?"

"फक्त त्याच्यामुळे नाही," मीटरताई म्हणाली. "तुमचं अर्धंच आहे. उरलेलं अर्धं घराच्या आत आहे. ती वायर घ्या आणि माझ्याबरोबर चला."

जाता जाता तिने भुंग्याला फोन लावला. "त्या घरी ये. आत्ताच्या आत्ता. हो, त्याच घरी. मान खाली घालून येऊ नकोस."

५

साडेतीन वाजता खालच्या न्हाणीघराच्या दारात चौघे उभे होते. धाकटा, नळवाला, भुंगा, आणि फळीवर मीटरताई. धाकट्याच्या शर्टाच्या खिशात तक्रारीचा कागद घडी करून ठेवलेला दिसत होता.

"मशीनमध्ये दोष नाही हे आधी तुमच्या डोळ्यांनी बघा," ती धाकट्याला म्हणाली. "तुमचा मेन मी जिन्याखाली बंद करून आलेय. घरात वीज नाही. आता मी प्लग लावते आणि पत्र्याला टेस्टर लावते. काही दिसायचं नाही. मग मेन चालू करून पुन्हा लावते. तरीही काही दिसायचं नाही. म्हणजे मशीन निर्दोष."

पंखा थांबलेला, फ्रिज गप्प. एवढी शांतता होती की वरच्या मजल्यावर कुणीतरी स्टूल सरकवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

तिने प्लग लावला. धाकटा पुढे सरकला. "मेन बंद आहे ना, मग..." असं म्हणत त्याने मशीनवर टेकायला हात पुढे केला.

"थांबा!"

ती इतक्या जोरात ओरडली की धाकट्याचा हात हवेतच गोठला. तिचा टेस्टर पत्र्याला टेकला होता.

टेस्टर पेटला होता.

मेन बंद. सगळ्या घराची वीज बंद. आणि मशीनच्या पत्र्यावर वीज.

"हे कसं शक्य आहे?" भुंग्याने विचारलं.

टेस्टर विझला. दोन सेकंद गेले. पुन्हा पेटला. पुन्हा विझला. पुन्हा पेटला आणि पेटूनच राहिला.

कुणीतरी कुठेतरी एक बटण चालू-बंद करून बघत होतं. मीटरताईच्या डोक्यात वीज चमकावी तसं सगळं एकदम जुळलं: वर सरकलेलं स्टूल, तीन दिवसांची सर्दी, स्वतःच सगळं उघडून बघणारा माणूस.

"काका गीझर उघडतायत!" ती किंचाळली. "भुंग्या, मशीनपाशी कुणाला फिरकू देऊ नकोस!"

ती वर धावली नाही. वर जाऊन ओरडायला दहा सेकंद लागले असते, आणि तेवढे होते की नाही कुणास ठाऊक. ती जिन्याखाली झेपावली, कपाटाचं दार उघडलं आणि वरच्या मजल्याचा मेन दोन्ही हातांनी खाली खेचला.

खटाक्!

एक क्षण काहीच नाही. मग वरून गोदामातला तो आवाज गरजला, "कोणी दिवे घालवले रे? दिसत नाहीये मला काही!"

मीटरताई चक्क हसायला लागली. एवढा गोड आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

ते सगळे वर गेले तेव्हा थोरले न्हाणीघरात लोखंडी स्टुलावर उभे होते. पाय ओले, अनवाणी. एका हातात पाना. दुसरा हात भिंतीवरच्या गीझरच्या पत्र्यापासून वीतभर लांब.

६

"बटण लावून बघितलं, दिवा लागत नव्हता," थोरले खाली उतरून म्हणाले. "म्हणजे आत वीज नाही. म्हटलं झाकण उघडून बघावं. यात ओरडण्यासारखं काय आहे?"

मीटरताईने वर येण्याआधीच जिन्याखालून वरच्या मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला होता. तिने गीझरच्या बटणाची पाटी उघडली, काळीच्या जागी जोडलेली हिरवी वायर आणि वायरींच्या वाटेवर ठोकलेलं कपाट पाहिलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या.

"काका, सहा-सात महिन्यांपूर्वी तुम्ही इथे हे कपाट ठोकलंत. खिळा नेमका भिंतीतल्या वायरीवर बसला. गीझर बंद पडला. बरोबर?"

थोरल्यांनी भुवया वर केल्या. "हो. काळी वायर तुटली. मग?"

"मग भिंत फोडायला हवी होती. पण फरशा नव्या होत्या."

"दोनच महिन्यांच्या! आणि फोडायची गरज काय? तीन वायरी येतात. एक निकामी झाली, हिरवी नुसतीच होती. काळीच्या जागी हिरवी लावली. गीझर झकास चालला." शेवटच्या वाक्यात अजूनही थोडा अभिमान होता.

"चालला. कारण लाल वायरीने आलेली वीज गीझरमधून जाऊन हिरवीने परत जमिनीत जात होती. पण हिरवी वायर वीज वाहायला नसतेच. कुठे चुकून पत्र्यावर वीज आली, तर तिला गुपचूप जमिनीत उतरवून माणसाला वाचवायला ती असते. आणि ही हिरवी वायर दोन्ही मजल्यांना एकच आहे. तुमच्या गीझरची, खालच्या मशीनची, फ्रिजची, सगळ्यांची. तुमच्याकडचा तो स्विच दिवसातून चारदा का पडायचा? कारण गेलेली वीज आपल्या वाटेने परत येत नव्हती. तो बरोबर होता. तुम्ही त्यालाच काढून टाकलं."

थोरल्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"तेव्हापासून दोन्ही जावांच्या हातांना मुंग्या येत होत्या. तरी जीव जात नव्हता, कारण अंगणातली वायर बरीचशी वीज जमिनीत नेत होती. सोमवारी दुपारी ह्यांच्या फावड्याने ती वायर तुटली." नळवाल्याने हातातला हिरवा तुकडा पुढे धरला. "आता वीज आली, गीझरमधून गेली, हिरवीत शिरली, आणि जायला जागाच नाही. म्हणून पाणी तापलं नाही, दिवा लागला नाही. तुम्हाला वाटलं गीझर मेला. तो मेला नव्हता काका. दोन्ही मजल्यांवरच्या प्रत्येक पत्र्यावर वीज येऊन उभी होती, कुणी हात लावतं का याची वाट बघत."

"पण आमचा स्विच," धाकटा हळूच म्हणाला. "तो का नाही पडला?"

"तिथेच तर मला वाट सापडली. तो फक्त तुमच्या घरातून गेलेली आणि परत आलेली वीज मोजतो. तिच्यात काहीच कमी पडलं नव्हतं, म्हणून तो शांत राहिला. म्हणजे शिवणबाईंना बसलेला धक्का तुमच्या घरातल्या विजेचा नव्हताच. तो वरून आला, तुमचा मेन बंद असता तरी आला असता. आत्ता आलाच की."

थोरल्या वहिनी दारातून पुढे आल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "मंगळवारी बटण मी लावलं होतं."

"नाही," थोरले म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोदामातला नव्हता. "बटण तू लावलंस. वायर मी लावली."

त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. दोन वर्षांत प्रथमच सरळ पाहिलं असावं. "मी शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. पण मी जे रागाच्या भरात बोललो होतो..."

"ते सोड दादा." धाकट्याने खिशातून कागद काढला. त्यावर भुंग्याचं नाव होतं. त्याने कागदाचे दोन, चार, आठ तुकडे केले आणि ते कुठे टाकावेत हे न कळून मुठीत धरून उभा राहिला. "आत्ता तू गेला असतास. ह्या बाई नसत्या तर."

भुंगा दाराबाहेर तोंड फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मीटरताई त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. लहानपणी घालायची तसा.

"पट्टा चांगला बसवलायस," ती म्हणाली.

शनिवारी शिवणबाईंना दवाखान्यातून सोडलं. हात बँडेजमध्ये होता, पण बोटं हलत होती. त्याआधीच वायरमनने अंगणात नवी तांब्याची पट्टी पुरली होती, भिंत फोडून नवी काळी वायर टाकली होती, आणि दोन्ही मजल्यांवरचे पडणारे स्विच सगळ्यांच्या देखत दाबून दाखवले होते. फरशांवर पहिला हातोडा थोरल्यांनी स्वतः घातला. नळवाल्याने खड्ड्याचे पैसे घेतले नाहीत.

थोरले भावजयीच्या खाटेशी येऊन उभे राहिले; मीटरताईही आली होती. शिवणबाईच म्हणाल्या, "दादा, बसा. तुमच्या हातून झालं हे मला कळलंय. मला एवढंच सांगा, आणखी किती घरांत असं असेल?"

अर्धं उत्तर मीटरताईकडे होतं. सोमवारी त्या मीटरवरचा लाल दिवा तिने पाहिला होता, शेरा दाबला होता, आणि दार न ठोठावता पुढे गेली होती. तिच्या जुन्या वहीत असे आणखी सात शेरे होते. तिने ते मोठ्याने वाचून दाखवले. मग म्हणाली, "सोमवारी सकाळी मी या सातही घरी जाणार आहे. दार उघडेपर्यंत ठोठावणार."

सोमवारी सकाळी आठ वाजता ती निघाली तेव्हा कोपऱ्यावर कुणीतरी उभं होतं. गळ्याला मफलर, पायांत नवे कोरे रबरी बूट.

"मला वायरीतलं काही कळत नाही, हे आता मला कळलंय," थोरले म्हणाले. "पण लोक माझं ऐकतील."

पहिल्या घराचं दार एका तरुण बाईने उघडलं. कडेवर मूल, हातात ओला फडका. मीटरताई तोंड उघडणार, तोच थोरले पुढे झाले आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार. मी माझ्या भावजयीला जवळजवळ मारलंच होतं," ते म्हणाले. "दोन मिनिटं आत येऊ का?"